बाळकाकांचे पुतणे

माणसाने कुणाचं भलं करायला जाऊ नये, आणि जायचंच झालं तर निदान टाउन हॉलच्या वाटेने जाऊ नये, हे माझं मत आता कायम झालं आहे. रश्मी म्हणते, तुझी मतं दर आठवड्याला कायम होतात. असो. बायकोने नवऱ्याच्या मतांवर मत देणं हा स्वतंत्र विषय आहे.

तर आमच्या गावात नवी लायब्ररी झाली. गाव म्हणजे टोरांटोच्या पूर्वेला, व्हिटबी ओलांडून पुढे गेलं की लागणारं एक टाउन. नाव मुद्दाम सांगत नाही. मला अजून तिथेच राहायचं आहे, आणि रस्त्यावरचा बर्फ काढणारा नांगर फिरवताना त्याचा ढीग माझ्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी लावायचा की पुढे न्यायचा हे तिथलीच माणसं ठरवतात. लायब्ररीच्या दर्शनी भिंतीवर ‘या गावची नामवंत माणसं’ म्हणून पितळी पाट्या लावायचं टाउनने ठरवलं, आणि गावाची पंचाईत झाली. तसं हे मोठ्या शहराच्या कडेला वसलेलं, झोपायला परत येण्याचं गाव. नामवंत व्हायला लागणारा निवांतपणा इथे कुणाला आहे?

तरी शोधाशोध करून पाच जण सापडले. एक हॉकीचा गोलकीपर, डेरेक हॉलोवे. हा मात्र खरोखरचा मोठा, टीव्हीवर दिसणारा. एक नटी, जी सिनेमा सुरू झाल्यावर पॉपकॉर्न संपायच्या आत मरते. एक हवामान सांगणारे गृहस्थ. एक बाई, ज्यांचा भोपळा प्रांतात पहिला आला होता. आणि एक जनरल, जो म्हणे कुठल्याशा लढाईला जाताना इथे एक रात्र मुक्कामाला होता. भिंतीवर जागा सहा पाट्यांची. सहावी रिकामी होती, आणि तिच्यासाठी नागरिकांनी नावं सुचवावीत असं आवाहन निघालं.

ते वाचल्यावर माझ्या मनात पटकन एक नाव येऊन गेलं, हे लपवत नाही. वय बावन्न, सॉफ्टवेअरमधला अनुभव दांडगा, मराठी मंडळाचा माजी खजिनदार. मी रश्मीला नुसतं विचारलं, की तुला कुणी सुचतंय का. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा गार होतोय म्हणाली. त्या नावाचा विचार तिथेच संपला.

दुसरं नाव मग आपोआप आलं. बाळकाका.

बाळ वैशंपायन हे मूळचे वाईचे. अडुसष्ट साली इंजिनियर म्हणून आले ते इथेच राहिले. आम्ही नव्वदच्या सुमारास आलो तेव्हा विमानतळावर आम्हाला घ्यायला अनोळखी असे तेच उभे होते. पुण्यातल्या कुणीतरी कुणालातरी कळवलं होतं, एवढ्यावर. माझ्यासाठी ते एक जास्तीचा कोट घेऊन आले होते, कारण पुण्याहून येणारा माणूस पुण्याचाच स्वेटर घालून येणार याची त्यांना खात्री होती. पण माणूस असा, की इतक्या वर्षांत मला ‘अहो उल्हासराव’च म्हणत आला. मी काका म्हणायचो, ते राव म्हणायचे.

नामवंत व्हावं असं त्यांनी काय केलं? तर बर्फ केला. हसू नका. या देशात बर्फ आपोआप होतो हे मलाही माहीत आहे, पण खेळता येईल असा बर्फ आपोआप होत नाही. गल्लीतली पोरं रस्त्यावर हॉकी खेळतात आणि गाडी आली की पळतात, हे पहिल्याच हिवाळ्यात पाहून यांनी मागच्या अंगणात नळीने पाणी सोडलं. पहिल्या वर्षी नुसते उंचवटे आणि पोपडे. मग यांना आईचं सारवण आठवलं. घाईने जाड थर दिला की फुटतो. पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. तसंच पाणी पातळ शिंपडायचं, गोठू द्यायचं, पुन्हा शिंपडायचं. त्यानंतर दर हिवाळ्यात वैशंपायनांच्या मागच्या अंगणात आरशासारखी रिंक. गल्लीतलं प्रत्येक पोर तिथे पडून शिकलं. माझी अनुया शिकली, डेरेक हॉलोवेही तिथेच शिकला. नीलिमाकाकू खिडकीतून सगळ्यांना गरम कोको द्यायच्या. स्वतः काकांना स्केटिंगचं ओ की ठो येत नाही. ते गमबूट घालून कडेने फिरायचे.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या आणि अंगणात पहिल्यांदाच रिंक झाली नाही. मुलगा परीक्षित ओटावाला, तिथल्या कनाटा उपनगरात नोकरीला. त्याने बाबांसाठी आपल्याजवळ एक छोटा कॉन्डो बघितला आणि सप्टेंबरात हलायचं ठरलं. एके दिवशी काका माझ्याशी बोलता बोलता सहज म्हणाले, “चाळीस वर्षं राहिलो इथे, उल्हासराव. मी गेल्यावर कुणाला पत्ताही लागणार नाही.” तक्रार म्हणून नव्हे, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं. मला ते फार लागलं. हा माणूस गाव सोडून जायच्या आत त्याचं नाव त्या भिंतीवर लागलंच पाहिजे, असं मी मनाशी घेतलं.

इथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली.

पहिली अडचण वर्गवारीची. टाउन हॉलमधल्या पामेलाबाईंनी विचारलं, यांना कुठे घालायचं, खेळात की कलेत? मी म्हटलं, खेळात. त्या म्हणाल्या, ते खेळतात का? मी म्हटलं, पडतातसुद्धा नाहीत, कारण चढतच नाहीत. मग पर्यावरण झालं, मग वारसा झालं, आणि शेवटी ‘नागरी योगदान’ या, कुठेच न बसणाऱ्यांच्या खोलीत काका बसले. बाई हसतमुख. या देशात नकारसुद्धा असा देतात की माणूस थँक्यू म्हणून बाहेर पडतो आणि पार्किंगमध्ये त्याला कळतं.

दुसरी अडचण सल्ल्यांची. मराठी मंडळाचे सेक्रेटरी शशिकांत यांनी आधी तासभर, काकांच्या आधी कुणाकुणाचा हक्क होता ते ऐकवलं. त्या यादीत शेवटी ते स्वतः होते. मग म्हणाले, गोलकीपरचं पत्र मिळव, काम फत्ते. मी डेरेक हॉलोवेच्या एजंटला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तरादाखल गोलकीपरचा सही केलेला फोटो आला, ‘उल्हास, स्वप्नं बघत राहा’ असा संदेश लिहून. तो अनुयाने माझ्या डेस्कवर लावला. काकांच्या कुंपणापलीकडचा डग म्हणाला, कशाला एवढा खटाटोप, मी देतो की पत्र. त्याने लिहिलं, ‘शेजारी. या माणसाच्या पाण्याने माझं कुंपण दोनदा कुजलं. गल्लीतला सर्वांत चांगला माणूस.’ मला हे पत्र जरा गावठी वाटलं, पण नाही कसं म्हणणार.

टाउनला दहा पत्रं हवी होती. म्हटलं, दहा कसली, ढीग देतो. जूनमध्ये तलावाकाठच्या पार्कात मंडळाची पिकनिक होती. बटाटेवड्यांच्या रांगेतच मी छापील कागद वाटले आणि जेवणाआधी लिहून द्या म्हणून दटावलं. मराठी माणूस वड्यासाठी काय वाटेल ते लिहून देतो. सगळ्यांनी मनापासून लिहिलं. कुणाला त्यांनी राहायला पहिलं बेसमेंट बघून दिलं होतं, कुणाला विंटर टायर कसे बदलायचे ते शिकवलं होतं. नंदनची नोकरी गेली तेव्हा काका रोज संध्याकाळी त्याच्याकडे नुसते जाऊन बसायचे. मी घरी येऊन ते वाचताना दोनदा चष्मा पुसला. गठ्ठा पामेलाबाईंच्या हातात ठेवताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. आधी त्या हवेबद्दल बोलल्या. इथे वाईट बातमीच्या आधी हवेबद्दल बोलतात, त्यामुळे मी खुर्चीत बसून घेतलं. त्या म्हणाल्या, पत्रं फारच सुंदर आहेत, आणि मिस्टर वैशंपायन यांचं कुटुंब इतकं मोठं आणि एकमेकांना धरून आहे हे बघून कमिटीला गहिवरून आलं. पण सो सॉरी, नातेवाइकांची पत्रं चालत नाहीत. तसं अर्जाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे.

मी म्हटलं, कुटुंब कुठलं? त्यांना एकच मुलगा.

बाईंनी मग सावकाश वाचून दाखवलं. ‘उमेदवाराशी तुमचा संबंध काय’ या रकान्यात आमच्या समस्त मंडळाने लिहिलं होतं, अंकल. नंदन, सुमेधा, नीरजा, झाडून सगळ्यांनी अंकल. पोरांनी लिहिलं होतं ग्रँडफादर. काकांपेक्षा वयाने मोठ्या जयंतीबाई त्यांना भाऊबीजेला ओवाळतात, म्हणून त्यांनी लिहिलं होतं सिस्टर. आणि सगळ्यांत वर, मुख्य अर्जावर, माझ्या स्वतःच्या वळणदार अक्षरात होतं, अंकल. यात कुणी खोटं लिहिलं होतं? तुम्हाला कुणी विचारलं की हे कोण, तर तुम्ही काय सांगाल? काका. काकांना दुसरं काय म्हणतात? सगळ्या गठ्ठ्यात टाउनच्या हिशेबाने चालण्यासारखं पत्र एकच होतं, कुजलेल्या कुंपणाचं.

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, हे काका आहेत पण काका नाहीत. म्हटलं, आमच्यात मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून काका म्हणतात. बाईंनी विचारलं, मग मनातून ते अंकल नाहीत? आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, मनातून आहेत, कागदावर नाहीत. त्या म्हणाल्या, पण कागदावरच तर आहेत. त्यांचंही बरोबर होतं. शेवटी त्यांनी तोड काढली. ‘मी उमेदवाराचा कोणीही लागत नाही’ एवढं प्रत्येकाने एका ओळीत लिहून द्यावं, आणि मुख्य अर्जदार म्हणून मी कमिटीसमोर येऊन तसं सांगावं.

एक ओळ. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण ती ओळ घेऊन मी घरोघर फिरलो आणि माझी जी शोभा झाली ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. नंदनने कागद वाचला आणि घडी करून परत दिला. सुमेधा म्हणाली, काकू जाऊन वर्ष झालं नाही आणि आम्ही असलं लिहून द्यायचं? शोभतं का हे? जयंतीबाईंनी तर मला दारातच उभं केलं. म्हणाल्या, भावाचं नातं तोडल्याचा कागद माझ्याकडून घ्यायला आलास, येताना आईवडिलांची आठवण झाली नाही का. शशिकांत तेवढे तयार झाले, पण त्यांनी मसुदा बदलला. ‘श्री. वैशंपायन हे माझे नात्यात नसलेले काका आहेत’ असं लिहून वर मंडळाचा शिक्का मारला. तो कागद पामेलाबाईंनी फ्रेम करून ठेवला असेल तर नवल नाही.

घरी तर उघड बंड. अनुया म्हणाली, “बाबा, बट ही इज माय आजोबा. आय ॲम नॉट सायनिंग अ लाय.” मी म्हटलं, अगं तुझे आजोबा सदाशिव पेठेत आहेत. ती म्हणाली, सो? रश्मी पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने मला विचारलं, अनुयाच्या वेळी बर्फाच्या वादळात मला हॉस्पिटलात कुणी नेलं? मी गाडी सुरू करत होतो, हे खरं आहे, पण ती सुरू झाली नव्हती. काकूंच्या दिवसांत परीक्षितच्या शेजारी पाटावर कोण बसलं होतं? मी. मग आता कोण कुणाचा लागत नाही ते मला सांग, म्हणाली. मी चिडून म्हटलं, हे मी माझ्यासाठी करतोय का? पाटी काकांना मिळणार आहे. तुमच्या भावना जपत बसलो तर तो माणूस सप्टेंबरात तसाच निघून जाईल. यावर रश्मीची पोळी करपली.

खरी गोम अशी की काकांना ती पाटी हवी होती. वरवर ते म्हणत, कशाला उल्हासराव, भोपळ्याशेजारी मी बरा दिसेन का. पण लायब्ररीत पुस्तक परत करायच्या निमित्ताने ते त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिलेले नीरजाने दोनदा पाहिले होते. मला एकदा त्यांनी हळूच विचारलं, की पाटीवर गावाचं नाव येतं का हो खाली? म्हणजे अमुक गावचे वैशंपायन, असं? मी म्हटलं, येतं. त्यांनी नुसती मान हलवली. मग मी हट्टालाच पेटलो. हातापाया पडून, रागवून, नाटकं करून दहा ओळी जमवल्या. त्यात नव्याने पत्र देणारे दोन शीख ड्रायव्हर होते आणि एक डगचा मेव्हणा.

ऑगस्टमध्ये कमिटीची बैठक ठरली. काकांना न्यायला गेलो तर ते नवा टाय लावून पायरीवर तयार उभे होते. गाडीत मी त्यांना सगळं समजावलं. म्हटलं, औपचारिकता आहे, ते मला विचारतील, मी नाही म्हणेन, वाईट वाटून घेऊ नका. ते म्हणाले, छे हो, वाईट कसलं, खरंच आहे ते. आणि टायची गाठ पुन्हा नीट केली.

कमिटीचे अध्यक्ष मिस्टर लेअर्ड, निवृत्त हेडमास्तर. अत्यंत सज्जन. त्यांनी काकांच्या बर्फाबद्दल चार गोड शब्द सांगितले, एक सभासद म्हणाल्या की माझा मुलगाही तिथे खेळलाय. पामेलाबाई माझ्याकडे बघून हसल्या. काम झाल्यातच जमा होतं. मग लेअर्डसाहेबांनी चष्मा वर केला आणि नोंदीसाठी म्हणून मला विचारलं, की उमेदवार आपले कोण लागतात?

मी तयारी करून गेलो होतो. घरी बाथरूमच्या आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. कोणी नाही, एवढेच दोन शब्द. खोलीत एसी होता तरी माझ्या मानेवरून घाम निघाला. मी पाणी प्यालो. काका माझ्या डाव्या हाताला बसले होते, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी त्यांचे टेबलावर ठेवलेले हात दिसत होतेच. लेअर्डसाहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, “नो रिलेशन.” आवाज माझा नव्हताच. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मला ते दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने म्हणावं लागलं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, इन्शुरन्सशी, बॉसशी, रश्मीशी तर रोज, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

लेअर्डसाहेबांनी टिपून घेतलं. मग काकांकडे वळून, निव्वळ रीत म्हणून, म्हणाले, “आणि सर, तुम्हीही हेच सांगाल ना?”

काका उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग अध्यक्षांकडे. म्हणाले, “ही इज माय नेफ्यू.”

पामेलाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. लेअर्डसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, की सर, तुम्हाला याचा परिणाम ठाऊक आहे ना? काका म्हणाले, ठाऊक आहे. आणि मग, जरा ओशाळून, म्हणाले, “आय हॅव मेनी.”

झालं. तीन महिन्यांची पायपीट, जयंतीबाईंच्या दारातली शोभा, गोलकीपरचा तो फोटो, सगळं त्या तीन शब्दांत गेलं. लेअर्डसाहेबांनी उठून काकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, पण नियम तो नियम. सहावी पाटी पुढे एका घोड्याला मिळाली. शर्यतीत दुसरा आला होता म्हणे.

पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत मी दम धरला, मग माझा तोल गेला. म्हटलं, काका, हे काय केलंत तुम्ही? मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, बायकोचं बोलणं खाल्लं. एवढंच ‘हो’ म्हणायचं होतं तुम्हाला. तुम्हीच म्हणाला होतात ना, की इथे कुणाला पत्ता लागणार नाही? आता खरंच लागणार नाही. काही राहिलं नाही इथे तुमचं. मी खूपच बोललो. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते रागाचं आहे असं मला त्यांना दाखवायचं होतं.

काकांनी मला बोलू दिलं. टाय सोडवून घडी करून खिशात ठेवला. मग गाडीला टेकून म्हणाले, “इथे सगळेच सगळ्यांना काका म्हणतात. मला वाटायचं, तसंच म्हणतोस तूही. सवय असते. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो, म्हणजे अपेक्षा नको. आत्ता तुला नाही म्हणताना घाम फुटलेला बघितला रे उल्हास.”

गाडीची किल्ली दुसऱ्या खिशात होती आणि मी पहिल्याच खिशात ती शोधत राहिलो.

“ते बघितल्यावर मी कसा नाही म्हणू?” काका म्हणाले. “चल, घरी चल. रश्मीला सांग, काका जेवायला आहेत.”